मागच्या सीटवरचं कुटार

माझी जुनी हायब्रिड गाडी चार्ज होईना. मोठी बॅटरी गेली असेल तर गाडी विकायची, असं बायकोनं बजावलं होतं. शेलूबाजारचा मिस्त्री चांगले पार्ट काढून घेईल, या संशयानं मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही.

मागची सीट उघडून त्यानं विचारलं, "काका, इथं काय भरता तुमी?"

याले काहून चौकशा? मी म्हटलं, "काही नाही."

"म्हशीसाठी कुटार नेतात ना, पोत्यानं!" सोबत आलेली बायको बोलली.

बॅटरीला हवा देणाऱ्या जाळीतून मिस्त्रीनं ओंजळभर कुटार, सोयाबीनचा भुसा, काढला. "हवाच नाही, म्हून तापून राह्यली. चार्ज कशी घेईन? बॅटरी चांगली हाये."

गाडी वाचली. आता निघण्याआधी बायको माझ्याकडे एकदा रोखून पाहते आणि मागची सीट स्वतः तपासते.