एका वाक्याची बातमी

नागपूरच्या एका दैनिकात असताना मी जवळच्या एका गावातली नगराध्यक्षपदाची निवडणूक बघत होतो. लढत अटीतटीची होती. उमेदवार असलेल्या एक निवृत्त शिक्षिका सभेत विरोधकाची नक्कल करत म्हणाल्या, "लोकाईले रोज पाणी कायले पाहिजे?" सगळे हसले. मथळा चटपटीत व्हावा म्हणून मी तेवढंच वाक्य उचललं आणि ती नक्कल होती हे गाळलं. दुसऱ्या दिवशी ते गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होतं.

बाई थोडक्या मतांनी हरल्या. खुलासा निकालानंतर आतल्या पानावर छापून आला.

मला चैन पडेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो. चहा देऊन त्यांनी विचारलं, "तुमी तं पुढच्याच खुर्चीवर बसून हसून राहिले होते. मंग असं काहून लिहिलं?"

बाहेर पडलो आणि भेटेल त्याला विचारत सुटलो, मत कशावरून दिलं? एक बाई म्हणाली, "ते बातमी पाहूनच बदललं." शेजारची म्हणाली, "आमचं तं आधीच ठरलं होतं." अजूनही त्या गावचं कोणी भेटलं की मी हेच विचारतो.