हनोईत भरलेली ओटी

टूर लीडरला सगळे एकच विचारतात, "इतके देश फिरलास, आवडला कुठला?" खरं सांगू? देश माझ्या फारसे लक्षातच राहत नाहीत. डोकी मोजण्यात आणि हरवलेले चष्मे शोधण्यातच माझी टूर संपते. लक्षात राहतात ती माणसं. त्यात मी लोणावळ्याचा, माझे प्रवासी बहुतेक मावळातले. या लोकांना परदेशात नेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप बॅगेत येऊन बसतात.

व्हिएतनामच्या टूरचा नुसता शेवटचा दिवस सांगतो, म्हणजे कळेल.

त्या ग्रुपमध्ये तिकोणा पेठेचे किसनआबा आणि हौसामावशी होते. घरची भातशेती, दोन मुलगे, मुलगी नाही. पोरांनी हट्टानं टूरवर धाडलेलं. आबांनी विमानात बसतानाच मावशींना बजावलं होतं, "लोकांनी वळून बघावं असं तितं काय करायचं न्हाई." मावशींची नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. लोक वळून बघायचे, थांबायचे आणि फोटो मागायचे! आबा तेवढ्यापुरते दुसऱ्या ग्रुपमध्ये जाऊन उभे राहायचे.

*

शेवटच्या दिवशी नाश्त्याला मावशींनी जाहीर केलं, "आज लिनची ओटी भरायची."

लिन आमची तिथली गाईड. नुकतंच लग्न झालेलं, आणि आमची टूर आटोपली की ती नवऱ्याकडे दूरच्या शहरात कायमची राहायला जाणार होती. तिला आई नव्हती. हे सगळं तिनं बोटीच्या सहलीत मला सांगितलं, मी मावशींना सांगितलं आणि तेव्हापासून मावशी तिला आपल्या ताटातलं वाढायला लागल्या होत्या.

आबा म्हणाले, "अगं, तिला काय कळतंय ओटी? लोक हसत्याल."

"तिला कळाया कशाला पायजे? मला कळतंय की. बिनआईची पोर सासरी निघालीय, मोकळ्या ओटीनं कशी जाऊ दिऊ?"

आबा कॉफी अर्धी टाकून उठले. संध्याकाळी विमान होतं. जे काय करायचं ते त्याच्या आत.

*

ओटीला तांदूळ लागतात. ते मावशींकडे होते, घरचे, इंद्रायणी. सोबत छोटा कुकर. रोज त्यांच्या खोलीतून भाताचा वास सुटला की आमची माणसं वाट्या घेऊन दारात हजर. एकदा हॉटेलचा मॅनेजर तक्रार घेऊन आला आणि वाटी घेऊन गेला.

त्या दिवशी मात्र मावशींनी उरलेले तांदूळ पिशवीत बांधले आणि आबांना सांगितलं, "आज तुमी हितला भात खावा."

आबांनी रुसून खाल्ला. दोनदा घेतला. मी विचारलं, "कसा आहे, आबा?"

"वाईट न्हाई. पर ह्याला आपला वास न्हाई," आबा म्हणाले. मग ताट पुसून घेतलं.

*

नारळाचं काम अवघड. मावशींनी घरून आणलेला नारळ मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतला होता. हनोईच्या बाजारात नारळ ढिगानं, पण सगळे हिरवी शहाळी नाहीतर सोलून गुळगुळीत केलेले. ओटीच्या नारळाला शेंडी हवी. ती विकणाऱ्या बाईला कशी समजावणार? माझं इंग्रजी संपलं, मोबाइलनं हात टेकले.

मग आमच्याच ग्रुपमधल्या देहूरोडच्या शमीमभाभी पुढं झाल्या. त्यांनी एक सोललेला नारळ उचलला, दुसऱ्या हातानं आपली वेणी धरून उभी केली आणि नारळाच्या डोक्यावर नेऊन दाखवली. ती बाई हसत हसत आत गेली आणि शेंडीचा नारळ घेऊन आली.

"मावशी, हा घ्या," भाभी म्हणाल्या. "आणि बांगड्या माझ्याकडून. लेक काय तुमची एकटीचीच आहे का?"

मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की डोकी मोजायची राहूनच गेली.

*

दुपारी हॉटेलच्या लॉबीत लिनला बसवलं. पाट नव्हता, म्हणून आबांची नवी कोरी सूटकेस आडवी घातली. आबा पाठ फिरवून दाराशी उभे. मावशींनी हळदकुंकू लावलं, ओंजळीत तांदूळ घेतले आणि थांबल्या. लिनच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट आणि पँट. ओटी घ्यायची कशात?

"हिला पदर कुटाय?" मावशी ओंजळ तशीच धरून म्हणाल्या. बाहेर बस येऊन हॉर्न द्यायला लागली.

आबा वळले. खांद्यावरचं गुलाबी उपरणं काढलं, कुठल्याशा लग्नात मानाचं मिळालेलं. लिनच्या खांद्यावरून घेऊन त्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि मावशींना म्हणाले, "भर आता. बघू दे लोकांना."

ओटी भरली की लेकीनं त्यातले चार दाणे माहेरी परत द्यायचे असतात, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. ते लिनला सांगायचं ठरलं होतं. पण बस घाई करत होती आणि मावशी डोळे पुसत होत्या, त्यामुळे ते राहूनच गेलं.

*

विमानतळाच्या दारात लिननं निरोप घेतला. उपरण्याची गाठ सोडली, चिमूटभर तांदूळ काढले आणि आबांच्या शर्टाच्या खिशात टाकले. मी तिला सांगितलं नव्हतं. मग ग्रुपमधल्या एकेकाला विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

आत तपासणीला अधिकाऱ्यानं आबांच्या खिशाकडे बोट केलं. आबांनी दाणे तळहातावर घेऊन दाखवले. मागं मोठी रांग, सगळे माना वर करून बघताहेत. मी समजावायला पुढं झालो, तर आबांनी मला हातानं थांबवलं.

"तू थांब. मी सांगतो."

आणि टूरभर कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून जपणारे आबा अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेकीनं दिल्यात."