बाराच्या आत

श्रीलंकेहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका फाइलवर शेरा लिहीत होते. फोनवर तिथल्या एका विहाराचे थोरले भंतेजी होते. त्यांचे एक तरुण भिक्षू चार दिवसांसाठी दिल्लीला यायचे होते, आमच्या रविवारच्या धम्मवर्गातल्या शिक्षकांना शिकवायला. देशोदेशी जाऊन धम्म सांगायचा आणि सांगणारे तयार करायचे, हेच या तरुण भंतेजींचं काम. तिकडे म्हणे गावोगावी दर रविवारी मुलांची धम्मशाळा भरते, पुस्तकं असतात, परीक्षा असते. आमच्याकडे पंधरा-वीस मुलं, आठ शिक्षक आणि बिस्किटं असतात.

मला वाटलं, थोरले भंतेजी अभ्यासक्रमाचं बोलतील. ते इंग्रजीत एवढंच म्हणाले, "मॅडम, त्यांना माध्यान्हाच्या आत जेवायला घाला. त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, उपाशी राहून चालत नाही. आणि ते स्वतः कधी मागणार नाहीत."

"त्यात काय एवढं," मी म्हटलं. "माझी जबाबदारी."

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि फाइल पुढे सरकवली. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर 'माझी जबाबदारी' हे शब्द तोंडातून जायला नको होते.

नियम आम्हाला नवा नव्हता. भिक्षू दिवस माथ्यावर येण्याआधी जेवतात, नंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न घेत नाहीत. शिवाय समोर ठेवलेलं अन्न ते आपण होऊन उचलत नाहीत, कुणीतरी ते हातात द्यावं लागतं. हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरांनाही माहीत आहे. अडचण नियमाची नव्हती, आमच्या कार्यक्रमांची होती. दिल्लीत मला पंचवीस वर्षं झाली. आमच्या लोकांच्या कार्यक्रमात दोनच्या आधी पान वाढलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. जेवण मागे स्वयंपाकघरात तयार असतं, वास हॉलभर सुटलेला असतो, आणि पुढे सत्कार चालू असतात.

आमचं विहार सरोजिनी नगरच्या बाजूला आहे. खाली हॉल, मागे स्वयंपाकघर, वर पाहुण्यांसाठी एक खोली. त्याचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अवर सचिव, मूळचे नागपूरकडचे. सगळे त्यांना साहेब म्हणतात. साहेबांनी छत्तीस वर्षं मंत्र्यांची भाषणं लिहिली. वाचली मंत्र्यांनी. निवृत्तीनंतर माईक पहिल्यांदा त्यांच्या हाती आला आणि त्यांनी तो खाली ठेवलेला मी तरी पाहिला नाही. माणूस सरळ आहे, कुणाच्याही अडीनडीला धावून जाणारा. फक्त वेळेवर थांबणारा नाही.

मी त्यांना आधीच गाठलं. "साहेब, भंतेजींचं जेवण बाराच्या आत झालं पाहिजे."

"बिल्कुल, ताई! कार्यक्रमपत्रिकेत टाकलंय." त्यांनी पत्रिका दाखवली. दहा वाजता उद्घाटन. पावणेबाराला भोजनदान. दोन्हींच्या मधे सतरा बाबी होत्या.

गुरुवारी दहाचं उद्घाटन पावणेअकराला सुरू झालं, कारण प्रमुख पाहुणे गुरुग्रामहून निघालेच मुळी साडेनऊला. फेब्रुवारी होता. भंतेजी व्यासपीठावर एक खांदा उघडा टाकून बसले होते आणि थंडीने थोडे आक्रसले होते. पस्तिशीचे, सडपातळ, हसतमुख. वंदना झाली, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग शाली. आमच्याकडे कुणालाही वगळून सत्कार करत नाहीत, त्यामुळे सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार झाला. मी दारात उभी राहून घड्याळाकडे बोट दाखवत होते. साहेबांनी मला हात केला. त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय.

बारा वाजून गेल्यावर मी सरळ व्यासपीठावर गेले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "साहेब, बारा वाजले."

"घड्याळात, ताई," साहेब माईक न झाकताच म्हणाले. "दिल्लीत सूर्य माथ्यावर यायला या दिवसांत बारा पस्तीस होतात. मी काढून ठेवलंय."

सभेने टाळ्या वाजवल्या. त्यांना तो भाषणाचाच भाग वाटला.

साहेबांचं म्हणणं खरं होतं. भंतेजींच्या मोबाईलवरही तीच वेळ होती. पण बारा पस्तिसाला आभारप्रदर्शन चालू होतं आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांनी नुकतंच "वेळेअभावी" असं म्हणून दुसरं पान उलटलं होतं. बारा चाळीसला मी ताट घेऊन गेले तेव्हा भंतेजींनी हसून हात जोडले आणि मान हलवली. दुपारी ते साखर न घातलेला कोरा चहा प्याले. दिवसाअखेरीस त्यांच्याकडे पाच शाली झाल्या होत्या. त्यांतली एकही अंगावरच्या चीवराच्या रंगाची नसल्यामुळे त्यांना पांघरता येत नव्हती. शाली पाच, वरणभात नाही. मी सरोजिनीच्या बाजारात जाऊन तपकिरी रंगाची एक साधी लोकरी शाल आणली आणि त्यांना दिली. ती त्यांनी लगेच अंगावर घेतली, तेव्हा जिवात जीव आला.

"तब्येत बरी आहे ना?" मी इंग्रजीत विचारलं.

"थोडं गरगरतं," ते म्हणाले. "पण कार्यक्रम फार छान झाला." दुसरं वाक्य ते मनापासून म्हणाले, याचा मला जास्त राग आला.

शुक्रवारी मला अर्धा दिवस ऑफिसला जाणं भाग होतं. म्हणून सकाळी आठलाच डबा वर त्यांच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि निघाले. सव्वाबाराला परत येऊन बघते तर डबा जसाच्या तसा. मी कपाळावर हात मारला. पहिलीतल्या पोराला जे माहीत असतं ते मी घाईत विसरले होते. डबा ठेवला होता, दिला कुठे होता? खाली हॉलमध्ये भंतेजींभोवती फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती. मी रांगेत घुसले.

"अहो ताई, लाइनमध्ये या ना," कुणीतरी म्हणालं.

"फोटो नाही, डबा आहे," म्हणत मी तो भंतेजींच्या हातात दिला. वीस मिनिटं होती. ते कोपऱ्यात बसून शांतपणे जेवले. मला घाई होती, त्यांना मुळीच नव्हती.

आता शिकवण्याचं. भंतेजी फार चांगले शिक्षक होते. त्यांचं सगळं सांगणं एका वाक्यात मावत होतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं, "मुलांसमोर कमी बोला." साहेबांनी त्याचा मराठी अनुवाद केला. तो अकरा मिनिटं चालला. त्यात शिक्षणाचा इतिहास आला, साहेबांच्या गावची शाळा आली, मंत्रालयातला एक किस्सा आला. भंतेजी त्यांच्याकडे आदराने बघत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "मराठीत इतके शब्द लागतात?"

"नाही," मी म्हटलं. "साहेबांना लागतात."

शनिवारी त्यांनी प्रत्येक शिक्षकाला पाच मिनिटं दिली. मुलं समोर बसवली आणि अट घातली, की पाच मिनिटांत शिक्षकापेक्षा मुलांचं बोलणं जास्त झालं पाहिजे. पहिल्या उठल्या बँकेत काम करणाऱ्या आमच्या शिक्षिका, गुरुग्रामच्या उंच इमारतीत राहणाऱ्या, एरवी अगदी चटपटीत. समोर सहा-सात वर्षांची सात मुलं मांडी घालून बसलेली. बाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "आदरणीय व्यासपीठ, पूज्य भंतेजी, आणि उपस्थित बालक-बालिकांनो..."

एका बालिकेने मागे वळून बघितलं, अजून कोण उपस्थित आहे ते.

पाच मिनिटं संपली तेव्हा बाईंचं प्रास्ताविक संपत आलं होतं. आठही शिक्षकांचं तेच झालं. मीही त्या आठांतली एक, हेही सांगितलं पाहिजे. मी ठरवून गेले होते की प्रश्न विचारायचा. विचारलाही, आणि एका मुलीने तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकलं. लहानपणापासून आम्ही वस्तीतली जयंती बघितली, सभा बघितल्या. बोलणारा माणूस म्हणजे माईकमागचा माणूस, हेच डोक्यात बसलेलं. समोर सात मुलं असोत की सात हजार लोक, आमचा आवाज तोच.

भंतेजी मुळीच रागावले नाहीत. त्यांनी मुलांना एक गोष्ट अर्धी सांगितली आणि गप्प बसले. अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही. आम्हा शिक्षकांना ते सहन होईना, साहेब तर खुर्चीत पुढे सरकले. मग एक मुलगा म्हणाला, "फिर क्या हुआ?" दुसरा म्हणाला, "मुझे पता है!" आणि मराठी-हिंदीत जो कल्ला झाला, तो मी आमच्या वर्गात कधी ऐकला नव्हता.

शनिवारचं जेवण मी सव्वाअकराला स्वतः हातात दिलं. मुलांचा वर्ग असल्यामुळे माईक नव्हता, म्हणून जमलं.

रविवारी समारोप होता. पालक येणार, पाहुणे येणार, पत्रिकेवर चौदा वक्ते. संध्याकाळी भंतेजींचं विमान. त्या दिवशी जेवण हुकलं असतं तर त्यांना विमानतळावरच चक्कर आली असती. सकाळीच मी साहेबांना स्पष्ट विचारलं, "भोजनदान पहिलं घेऊ या का? साडेदहाला?"

साहेबांनी एकदम आवाज खाली आणला. त्यांच्या बाबतीत हे नवीन होतं. म्हणाले, "ताई, खरं सांगू का? भंतेजींचं ताट आलं की पंगत बसते. लोक जेवले की जातात. मग मी कोणासमोर बोलू?"

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्या दिवशी स्वयंपाकघर सांभाळत होत्या. त्या आतून म्हणाल्या, "माझ्यासमोर बोला की. घरी ऐकतेच आहे."

"वहिनी, थांबा," मी म्हटलं. एकदम डोक्यात प्रकाश पडला होता. मी चार दिवस घड्याळाशी भांडत होते, आणि साहेबांना घड्याळाचं काहीच नव्हतं, त्यांना पंगतीची भीती होती. "साहेब, ताट एकच निघेल. बाकीची पातेली आत, दाराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. तुमचं भाषण संपेपर्यंत कुणाला भाताचं शीतही मिळणार नाही."

"नक्की?"

"लेखी देऊ का?"

"नको, नको," साहेब म्हणाले, पण क्षणभर त्यांना ते हवं होतं.

तरीही साडेदहाचं सव्वाअकरा झालंच, आणि साहेबांनी "दोनच शब्द" म्हणून माईक घेतला. बारा वाजले. बारा दहा. त्यांना ठरलेलं आठवत नव्हतं असं नाही, पण वाक्य सापडलं की साहेब बाकी सगळं विसरतात. मग मी आणि वहिनी ताट घेऊन निघालो. मोठं पितळी ताट, त्यात वरणभात, वांग्याची भाजी, पोळ्या आणि शुगरच्या मानाने बेताने गोड केलेली वाटीभर खीर. वहिनींनी ते ताट बोलणाऱ्या साहेबांच्या पोटाशी नेऊन धरलं. "धरा. दान अध्यक्षांच्या हातून द्यायचं असतं."

ताट जड होतं, दोन्ही हात लागणार होते. साहेबांनी एकदा माईककडे बघितलं, एकदा खिरीकडे. खीर काठाला आली होती. माईक मी अलगद काढून घेतला.

साहेबांनी गुडघे टेकून ताट दिलं. अगदी नीट, भक्तीने दिलं, ते खोटं नव्हतं. भंतेजी जेवू लागले. भिक्षू जेवत असताना आमच्याकडे कुणी भाषण करत नाही, त्यामुळे पुढची वीस मिनिटं शंभरेक मराठी माणसं हॉलमध्ये गप्प बसली होती. वाटीचा आवाज ऐकू येत होता. साहेब हात बांधून उभे होते आणि ओठ हलत होते. मनातल्या मनात ते पुढचं जुळवत असावेत.

बारा तेहेतिसाला भंतेजींनी हात धुतले. मी माईक परत दिला.

"तर मी काय म्हणत होतो," साहेब म्हणाले, आणि ज्या शब्दावर थांबले होते तिथून सुरू झाले.

कुणी उठलं नाही. किल्ली माझ्याकडे होती. पालकांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही. साहेबांना त्या दिवशी पन्नास मिनिटं पूर्ण सभा मिळाली. व्यासपीठावर भंतेजी तपकिरी शाल पांघरून डोळे मिटून निश्चल बसले होते. "काय ध्यान लागलंय!" माझ्या शेजारी बसलेल्या बँकेतल्या बाई कुजबुजल्या. ते ध्यान नव्हतं, वरणभात होता.

सोमवारी मी श्रीलंकेला फोन केला. थोरल्या भंतेजींनी आधी प्रशिक्षणाचं विचारलंच नाही.

"जेवले का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "चारांपैकी तीन दिवस," मी म्हटलं.

पलीकडून समाधानाचा एक लांब हुंकार आला. "उत्तम," ते म्हणाले. "मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा दोनच दिवस जेवलो होतो."