शत्रूचं नाव घालून

आमच्या खामगावच्या ख्रिस्ती वस्तीत घरच्या प्रार्थनेची एक रीत होती. स्तोत्रात जिथं ‘मला’ येई, तिथं वाचणाऱ्यानं त्या घरच्या माणसाचं नाव घालायचं. अक्षर न येणाऱ्यांनाही मग ते स्तोत्र आपलं वाटे. मी नागपूरहून बी.ए. होऊन आलो आणि वाचण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्याच उन्हाळ्यात आत्या संग्रामपूरकडच्या तिच्या गावाहून आली. आई वारल्यावर तिनंच मला वाढवलं, हट्टानं शाळेत घातलं. गावात पटकीची साथ होती. विहिरीच्या मालकानं आमच्या लोकांना पाणी बंद केलं, सगळे नाल्याचं प्याले, आणि आत्याचं लेकरू गेलं.

"शत्रूले शाप देलेलं स्तोत्र हाय म्हंतेत," ती म्हणाली. "ते वाच. त्या विहिरीवाल्याचं नाव घालून."

ते स्तोत्र मला ठाऊक होतं. रविवारी पाळकसाहेब ते गाळून पुढच्यावर जात. मी त्यांना विचारायला गेलो. "प्रभूनं शत्रूवर प्रीती करा म्हटलं, तिथं ते संपलं," ते म्हणाले. मी तेच आत्याला सांगितलं.

"मंग पुस्तकात काऊन ठेवलं?"

मी पुस्तकाची पानं चाळू लागलो.

"बी.ए. झाला अन् जीभ नागपुरात ठेवून आला काय रे बाबू?"

मी वाचायला बसलो, पण नाव घालवेना. मी थबकलो की तीच मालकाचं नाव घेई, शांतपणे, हजेरी घ्यावी तसं. त्याचे दिवस थोडे होवोत. त्याची जागा दुसऱ्याला मिळो. मग शत्रूची मुलं पोरकी होऊन दारोदार भीक मागोत, ती ओळ आली. मालकाच्या घरी रांगतं पोर होतं. मी थबकलो. या वेळी आत्यानं नाव घेतलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"वाच पुढं," ती म्हणाली. पुढच्या शापात तिनं पुन्हा नाव घेतलं.

तिनं त्याला क्षमा केली नव्हती. शाप देवाच्या स्वाधीन केला की देवालाच कामाला लावलं, हे मला अजून सांगता येत नाही. एवढंच दिसलं की पाळकसाहेबांनी सगळं गाळलं होतं आणि तिनं एकच ओळ गाळली.

पुस्तक मिटलं तेव्हा ती म्हणाली, "उद्या बी हेच वाचजो."