सहा नंबरची नोंद

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं... बायकोलाही कधी बोललो नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, पण ते कारण नव्हे. हे सांगायचं म्हणजे आधी माझं वागणं सांगावं लागलं असतं.

बसवनगुडीत, बाजारामागच्या गल्लीत चौदा खोल्यांचा एक लॉज होता. मी तिथे मॅनेजर. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याचा सी-फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो – पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सगळं. त्यासाठी लॉजचं रजिस्ट्रेशन लागतं, ते आमच्या मालकांनी केलंच नव्हतं. ते म्हणायचे, "राव, फॉरिनर एक रात्र झोपतो आणि आपण महिनाभर पोलीस स्टेशनात बसतो." म्हणून परदेशी माणूस गल्लीत दिसला की मी मागच्या फळीवरच्या चाव्या ड्रॉवरमध्ये टाकायचो आणि "फुल" म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला एक गृहस्थ आले. चाव्या काढायला वेळच मिळाला नाही. सत्तरीचे असतील, पाय सुजलेले. पोलंडहून आलोय म्हणाले.

"फुल," मी म्हणालो.

त्यांनी फळीकडे पाहिलं. "आणि ह्या?"

"रिपेअर चालू आहे."

"हा पाचवा लॉज," ते हसून म्हणाले. "एकात रंगकाम होतं, एकात लग्न होतं. तुमचं रिपेअर त्यातल्या त्यात बरं." मग हळूच म्हणाले, "निदान वहीत माझं नाव लिहा. मी येऊन गेलो, एवढंच. कुठे आहे ते मुलीला रोज कळवतो मी."

"वही उतरणाऱ्यांसाठी असते."

त्यांचं नाव मी विचारलं नाही. पाणीही विचारलं नाही. काउंटरच्या पलीकडे एक पाऊलही न टाकता ते वळून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणारी गौरम्मा खाली आली. "अण्णा, सहा नंबरात कोण होतं? चादरीची घडी घालून ठेवलीय. आपली गिऱ्हाइकं कधीपासून घड्या घालायला लागली?"

सहाची चावी फळीवरच होती, मी कुणालाच दिली नव्हती. वही उघडली. शेवटच्या ओळीत एक परदेशी नाव, पोलंड, खोली सहा. अक्षर माझं... मी ते लिहिलं नव्हतं.

सी-फॉर्म नाही आणि वहीत परदेशी नाव – मला आधी पोलीस आठवले. मी ते पान फाडलं.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी आली. वडील त्याच दुपारी तीनला बसस्टॉपवर कोसळले होते आणि पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत, असं तिने सांगितलं. मग त्यांचा शेवटचा मेसेज दाखवला. वेळ संध्याकाळी सहाची.

'बाजारामागच्या गल्लीतल्या लॉजमध्ये खोली मिळाली. सहा नंबर. खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसतात. मॅनेजरने पाणी दिलं, वहीत नाव लिहिलं. भला माणूस आहे.'

हे ऐकून माझा जावई म्हणेल, नेटवर्कमुळे मेसेज उशिरा गेला असेल. सरी, ठीक आहे, मानलं. पण ती गच्ची फक्त सहा नंबरातूनच दिसायची.

"शेवटच्या दिवशी कुणीतरी त्यांना आत घेतलं," ती म्हणाली, "मला एवढं पुरे आहे. ते पान बघता येईल?"

वही मालकांकडे गेली, असं मी सांगितलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी धरू दिला.

आता तो लॉजही राहिला नाही. ते अक्षर, ती चादर, त्या मिरच्या – मला आजही काही कळलेलं नाही. तिने जाताना दिलेलं कार्ड पाकिटात आहे. नातीने मेल कसा पाठवायचा ते दाखवलंय. पण पाठवला, तर त्यांना मिळालेली ती खोली मी दुसऱ्यांदा काढून घेईन... म्हणून चार ओळी तशाच पडून आहेत:

मॅडम, तुमच्या वडिलांना मी दारातूनच परत पाठवलं. चाव्या माझ्या मागे लटकत होत्या. पाणीसुद्धा दिलं नाही. मला माफ करा.