तिसरं कडवं

शेजारणीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मनाची मोठी वगैरे समजायला नको. चेन्नईत, पेरुंगुडीला आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच घरं, एक आमचं आणि एक तिचं. ती तंजावरी मराठी. तिच्या घरचे कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे तमिळ चालीवर कुणी जुनी बखर वाचत असल्यासारखं. मी आणि नवरा नोकरीपायी पुण्याहून आलेलो. सासरे गेल्यावर सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, भाषा येत नाही, ओळखदेख नाही, आईंना आता इथे माझ्याशिवाय कोण आहे? आठवडाभर घरूनच काम करायची परवानगीसुद्धा काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता आई समोरच्या घरात, शेजारी कॉफीचा पेला (ती तिला कापी म्हणते) ठेवून फुलं ओवत होत्या.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते आजतागायत. तिची रांगोळी, तिचं रसम, तिने गजरा कसा पटकन गुंफला, हे सगळं मी रोज जेवताना ऐकायचं. माझ्या कशाला आईंनी कधी नाव ठेवलं नाही, हेही खरं. आमटी केली, छान झाली गं. पडदे बदलले, छान दिसतात गं. ऑफिसातून नऊला आले, तरी दमलीस का गं. कौतुकाचा हा एकच शिक्का होता आणि तो सगळ्या कागदांवर सारखाच उमटायचा.

त्यात गाण्यांचं प्रकरण निघालं. सासऱ्यांना गाण्यांचं वेड होतं आणि फुकटचं घ्यायचं नाही हा हट्ट होता. चोरलेलं गाणं बेसूर लागतं, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी एका ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे भरून अभंग, पदं, भावगीतं घेतली होती. त्या काळातल्या त्या फायलींना कुलूप असायचं. त्या त्यांच्या लॅपटॉपवर वाजायच्या आणि जगात दुसरीकडे कुठेही वाजायच्या नाहीत. आता तो लॅपटॉपही म्हातारा झाला होता. वायर काढली की मान टाकायचा, आणि चालू असला की त्याचा पंखा गाण्यापेक्षा मोठ्याने घरघरायचा. त्या फायलींत देवीचं एक पद होतं. सासरे दाढी करताना रोज तेच गुणगुणायचे.

आदल्या वर्षीच्या नवरात्रात आई समोरच्यांचा कोलू बघायला गेल्या होत्या. पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, संध्याकाळी बायका जमतात, आणि आलेल्या प्रत्येकीने बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचंच असतं. येत असो वा नसो, कुणी हसत नाही. मग सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, आणि तांबूल हातात पडतं. आई मला येत नाही म्हणून बसून राहिल्या आणि घरी आल्यावर जेवल्या नाहीत. यंदा त्यांनी ते देवीचं पद म्हणायचं ठरवलं होतं. ते पाठ करायला त्यांना पेन ड्राइव्हवर हवं होतं, टी. नगरच्या बाजारातून आणलेल्या छोट्या स्पीकरला लावता येईल असं. त्याची बटणं त्यांना जमत होती.

हे सगळं मला कुणी सांगितलं? शेजारणीने, लिफ्टमध्ये. माझ्याच सासूच्या मनातलं मला तिच्या तोंडून कळावं, तेही भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेता घेता. तिच्या नवऱ्याकडे म्हणे अशा फायलींसाठी एक सॉफ्टवेअर होतं. गाणं पुरतं वाजत राहतं आणि ते शेजारी बसून उतरवून घेतं. "सावकाश होतं, वैनी," ती म्हणाली, "पण पुरतं होतं. पाट्टु शेवटपर्यंत ऐकल्याविना उतरणार कसं?"

मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, हे तर माझं रोजचंच काम. खरंच होतं ते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. गाण्यांसाठी आई समोर जाणार असतील तर मी काय नुसता ऑफिसचा बिल्ला गळ्यात घालून मिरवायचा?

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले. अशी सॉफ्टवेअरं ढिगाने होती आणि कुठलं चांगलं ते सांगणारी पानंही ढिगाने. पण प्रत्येक पानावर पहिला नंबर त्या पानाच्या मालकाच्याच सॉफ्टवेअरचा, स्वतःच्या लग्नात स्वतःवरच अक्षता टाकल्यासारखा. एकाने आमच्या जुन्या फायली ओळखल्याच नाहीत. दुसऱ्याला आधी नवा प्लेअर हवा होता, तो टाकताना लॅपटॉपने डोळे पांढरे केले. नवऱ्याने मध्येच विचारलं, कुलूप काढलेलं चालतं का गं? मी म्हटलं, पैसे भरलेत, ऐकणार त्यांचीच बायको, आपण काही बाजारात मांडणार नाही. तो पेपर घेऊन आत गेला. तिसरं सॉफ्टवेअर गाणं न वाजवताच कित्येक पट वेगाने बदलून देणारं होतं. ती सावकाश म्हणाली होती ना, म्हणून मी तेच घेतलं. आवाजाचा दर्जा, अटी, सोय, बाकी काही म्हणून पाहिलं नाही. दुपारचा चहा व्हायच्या आत सगळी गाणी पेन ड्राइव्हवर. मग एकेक फाइल उघडून पाहिली. उघडते, आवाज येतो, नाव बरोबर आहे, पुढची.

आईंनी पेन ड्राइव्ह कपाळाला लावला. "छान केलंस गं," म्हणाल्या. मी मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं, समोर ऐकू जावं म्हणून.

मग रोज सकाळी डबे भरताना मी हौसेने स्पीकर लावायची. देवीचं पद आधी. ध्रुवपद, पहिलं कडवं, दुसरं कडवं, पुन्हा ध्रुवपद, थोडा तबला, आणि शांत. आई ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. बाकीच्या गाण्यांना मात्र त्यांचा धीर निघायचा नाही. गाणं रंगात आलं की बटण दाबून पुढचं लावायच्या. आई हल्ली चंचल झाल्यात, असं मी नवऱ्याला सांगितलंही. तो म्हणाला, वय.

नवरात्रातल्या शुक्रवारी आम्ही दोघी समोर गेलो. बायका गाऊन गेल्या, मी आपली एक आरती घाईने म्हणून मोकळी झाले, आणि मग शेजारणीने आईंना हाताला धरून बाहुल्यांसमोर बसवलं. आईंचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या बाईला मी खुणेने सांगितलं, हे मी करून दिलंय. दुसरं कडवं झालं, ध्रुवपद झालं, आणि मी सगळ्यांच्या आधी जोरात टाळ्या वाजवल्या.

आईंनी माझ्याकडे पाहिलं, किंचित हसल्या, श्वास घेतला आणि तिसरं कडवं सुरू केलं.

माझे हात तसेच वर राहिले. या पदाला तिसरं कडवं आहे हे मला माहीतच नव्हतं. शेजारीण मांडीवर ताल धरून बसली होती आणि तिचे ओठ आईंबरोबर हलत होते. एका ठिकाणी आई अडखळल्या तर पुढचा शब्द तिने दिला. आमच्या घरातलं गाणं, माझ्या सासऱ्यांच्या दाढीच्या वेळचं, आणि शब्द ती देत होती. सुंडलाची पुडी तशीच घेऊन मी उठले.

घरी येऊन मी पेन ड्राइव्ह लावून पाहिला. सगळी गाणी नेमकी तीन तीन मिनिटांची. त्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत खाली फिकट अक्षरांत लिहिलेलंच होतं की फुकटात फक्त पहिली तीन मिनिटं मिळतील. देवीच्या पदाची तीन मिनिटं बरोबर ध्रुवपदानंतरच्या तबल्यावर संपत होती, म्हणून मला कळलं नाही. बाकीची शब्दातच तुटत होती, आणि ती तुटायच्या आत आई बटण दाबत होत्या.

आई साडी बदलून बसल्या होत्या. मी विचारलं, "हे अर्धं आहे, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसला गेले की त्या लॅपटॉप घेऊन समोर जायच्या. दोघी मिळून एकेक गाणं शेवटपर्यंत वाजवायच्या, ऐकायच्या आणि उतरवून घ्यायच्या. आईंनी बटव्यातून दुसरा पेन ड्राइव्ह काढून दाखवला. दिवसा तो स्पीकरला असायचा. मी यायच्या वेळेला त्या माझा लावून ठेवायच्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू अख्खा रविवार घालवलास त्यात. तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तिला पुन्हा सगळं करायला सांगताना?"

"तिला मी काहीही सांगते," आई म्हणाल्या. "ती काय माझी सून आहे?"

हे लागलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी दोन दिवस रुसून विसरून गेले असते. पण त्या मला पाहुण्यांच्या कपबशीसारखं जपत होत्या, आणि सांगणं, रुसणं, तक्रार करणं हे सगळं समोरच्या दारात नेऊन ठेवत होत्या. मला तिच्या रसमचा आणि गजऱ्याचा हेवा कधी नव्हताच. तिला जे ऐकून घ्यावं लागत होतं त्याचा होता.

मी म्हटलं, "मग मलाही सांगा. आणखी काय काय अर्धं आहे?"

त्या काही नाही काही नाही म्हणत राहिल्या. मी उठेना तेव्हा पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चहात साखर अगदीच नसते गं तुझ्या."

म्हणजे रोज चारला समोर जायचं ते तिच्या गोड कापीसाठी. फुलं ओवणं हे निमित्त.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम घेतलं. चारच्या जरा आधी साखर सढळ घालून चहा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हा काय चहा आहे? पाक झालाय नुसता."

छान म्हणाल्या नाहीत. मी लगेच दुसरा टाकला, आणि समोरचं दार उघडायच्या आत तो व्हावा म्हणून गॅस मोठा केला.