परीक्षा, झेरॉक्स आणि एकट्यानं जाणं

माझं हॉलतिकीट माझ्याकडे नसायचं. ते माझ्या जिवलग मित्राच्या प्लास्टिकच्या फायलीत असायचं. दहावीत मी माझं बसमध्ये विसरलो, तेव्हापासून हा कारभार त्याच्याकडे. विश्रांतवाडीत आमच्या बिल्डिंगा समोरासमोर. मी सायकल काढली रे काढली की त्याच्या गॅलरीतून आवाज, "ब्रेक बघितलास का?" सतरा वर्षांचा घोडा मी, आणि आमच्या मातोश्रीही विचारायच्या, "त्याला विचारलंस ना?"

त्या वर्षी ज्याला त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं. मलाही. वाघोलीच्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. ती हुकली की वर्ष गेलं. मित्राला ती द्यायचीच नव्हती, तरी तो मला लूनावरून नेणार आणि तीन तास फाटकाबाहेर बसणार. "तुला चक्कर आली तर?" मला चक्कर कधी आली नव्हती. त्या कल्पनेनंच यायला लागली.

मग मी थाप मारली, परीक्षा पुढच्या आठवड्यावर गेली म्हणून. झेरॉक्सच्या निमित्तानं हॉलतिकीट मागून घेतलं. बेत असा, की फायलीत झेरॉक्स ठेवायची आणि मूळ कागद खिशात घालायचा. परीक्षा अकराला. सकाळी दीड तास आधीच वाघोलीत पोचलो. फाटकावरच्या सरांनी घडी उलगडली.

"ही झेरॉक्स आहे."

"सर, फोटो माझाच आहे."

"या काळ्या डागात मीसुद्धा मावेन. मूळ आणा."

मूळ कागद फायलीत! बेत माझा, हातही माझेच. पीसीओवरून मित्राला फोन लावला.

"परीक्षा पुढच्या आठवड्यात ना?"

"आज आहे. वाघोलीत आहे मी. मूळ कागद तुझ्याकडे राहिला."

"फाटकापाशीच थांब. रस्ता ओलांडू नकोस."

अकराला पाच कमी असताना तो आला. हॉलतिकीट, दोन पेनं, ग्लुकोजचा पुडा. धाप मला लागलेली, त्याला नाही.

"थाप मारली मी," मी म्हणालो. "एकट्याला यायचं होतं."

"दिसलं ते."

आता गप्प बसायचं, एवढी अक्कल कुणालाही असते. मी म्हणालो, "बाहेर थांबू नकोस. प्लीज."

त्यानं पुडा पुन्हा पिशवीत टाकला. "बरं," म्हणाला, आणि लूनाचं पॅडल मारायला लागला.

पहिली दहा गणितं मी वाचलीच नाहीत, खिडकीकडे कान लावून बसलो होतो. बाकीची कशीबशी सोडवली. बाहेर आलो तर फाटकापाशी खरंच कुणी नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र चहाच्या टपरीमागे बघितलं, उभ्या ट्रकमागे बघितलं, एका भिंतीवर चढूनही बघितलं.

तेवढ्यात माझी बस गेली.